‘अपन’ म्हणणारा दौलत

दौलत गेल्याची बातमी आमच्या मंडळाच्या बैठकीत आली, आणि त्या बैठकीतला चौथा विषय दौलतचाच होता. स्वातंत्र्यानंतर वर्ध्यातल्या आम्ही काही शिक्षकांनी हिंदी प्रचारासाठी एक लहानसे मंडळ काढले. मी त्याचा चिटणीस. दौलत उईके हा आमचा प्रचारक. आसामच्या पार टोकाला, नागा लोकांच्या डोंगरांत, हिंदी शिकवायला आम्हीच त्याला पाठवले होते. वडील वारले म्हणून तो गावी आला, आणि त्याच सुमारास तिकडे गोळीबार वाढला. परत जायचे तर सरकारी परवाना हवा, आणि परवान्यासाठी ‘हा माणूस आमचा आहे, भरवशाचा आहे’ अशी मंडळाची शिफारस हवी. ती शिफारस मी दीड वर्ष अडवून धरली होती. त्या दिवशी अखेर विषयपत्रिकेवर घेतली. तिसरा विषय संपला, चहा आला, आणि दारात दौलतचा धाकटा भाऊ नामदेव उभा दिसला. आत ये म्हटले तर आला नाही. “भाऊ गेला, गुरुजी,” तो म्हणाला. “सकाळीच गेला दवाखान्यात. गाडी भायेर उभी हाय, घरी नेतो त्याले. तुमाले सांगून जावं म्हटलं.” आम्ही सगळे उभे राहिलो. नामदेव गेला. मग सगळे पुन्हा बसले, आणि आमचे अध्यक्ष, जे वर्ध्यातले एक सज्जन वकील आहेत, हळू आवाजात म्हणाले, “फार वाईट झालं... मग विषय चौथा निकाली.” त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. बैठकीत असेच बोलतात. मी लेखणी उचलली आणि ‘विषय निकाली’ असे लिहिलेसुद्धा.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. या पुरवणीच्या संपादकांनी मला दौलतवर ‘दोन शब्द’ मागितले, कारण मी त्याचा गुरू. गुरू या नात्याने जे लिहायला हवे ते मला लिहिता येत नाही. जे आठवते तेवढे लिहितो.

दौलत आर्वीकडच्या जंगलपट्ट्यातला, गोंडाच्या घरातला. घरात गोंडी, गावात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि नागपूरच्या बाजारात हिंदी, अशा चार बोलींत तो वाढला होता आणि चारही बोलींत त्याला थट्टा करता येई. वर्ध्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत तो मास्तर होता. संध्याकाळी सायकल मारत माझ्या हिंदीच्या वर्गाला येई. पहिल्याच दिवशी त्याने हात वर केला आणि म्हणाला, “सर, अपन को एक शंका है.” मी म्हणालो, “अपन नाही. हम म्हणा, नाहीतर मुझे म्हणा.” तो म्हणाला, “इकडे तं सगळेच अपन म्हणतात, गुरुजी. भाजीवाली म्हणते, नागपूरचा टांगेवाला म्हणते.” मी म्हणालो, “टांगेवाल्याला परीक्षेला बसायचे नाही. तुम्हाला बसायचे आहे.” वर्ग हसला. दौलतही हसला, पण शंका काही त्याने सोडली नाही. वर्ग सुटल्यावर सायकल हातात धरून तो माझ्याबरोबर चालत आला आणि म्हणाला, मराठीत आम्ही वेगळे आणि आपण वेगळे. आम्ही म्हटले की समोरचा बाहेर राहतो, आपण म्हटले की तो आत येतो. आमच्या गोंडीतही असेच दोन शब्द आहेत. मग हिंदीत दोन्हीला एकच ‘हम’ कसे पुरते? “तुमच्या पुस्तकात नाई, म्हून इकडच्या लोकायनं अपन घेतला असन,” तो म्हणाला. “गरज पडली असन बाप्पा लोकायले.” मी त्याला शुद्ध आणि ग्राम्य यांतला फरक समजावून सांगितला. चांगला अर्धा रस्ता समजावत होतो.

पुढे नागा डोंगरांत प्रचारक पाठवायची वेळ आली तेव्हा आमचे मंडळ केळझरला सहलीला गेले होते. गणपतीचे दर्शन झाले, डबे सुटले, आणि अध्यक्षांनी विषय काढला. देश नवा आहे, सीमेवरच्या लोकांना आपलेसे करायला हवे, बंदुकीने नव्हे तर भाषेने... ते फार चांगले बोलले. मग कोण जाणार हा प्रश्न आला आणि सगळ्यांचे लक्ष डब्यांकडे गेले. कुणाची आई आजारी, कुणाची बढती जवळ आलेली. माझा मोठा मुलगा तेव्हा बी.ए. झालेला घरीच होता. त्याचे नाव माझ्या तोंडी आले नाही. दौलत लोणच्याची फोड चोखत म्हणाला, “मी जातो ना. डोंगर हाय, जंगल हाय, लोक आपली येगळी बोली बोलतात. मले तं माहेरी गेल्यावानी होईन.” सगळे मोठ्याने हसले. अध्यक्षांचे डोळे भरून आले. मला इतका अभिमान वाटला की परत येताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून चाललो.

तिथे त्याने काय केले ते मी त्याच्याच तोंडून ऐकले. डोंगरमाथ्यावरचे गाव, तिथे एक चर्च, त्याच्या शेजारी बांबूची शाळा. मुले होती, काही मोठी माणसेही शिकायला बसत. सगळ्यांत हुशार तेमजेन नावाचा तरुण, पाद्र्याचा मुलगा. हम शिकवला त्या दिवशी त्याने विचारले, यातला कोणता हम? आम्ही डोंगरवाले, की तुम्हीसुद्धा धरून? त्यांच्या बोलीतही मराठीसारखेच, गोंडीसारखेच, दोन शब्द होते. दौलत मला सांगत होता, “गुरुजी, त्याच्या तोंडून माझीच शंका आली म्हणा. मी काय करू? मी देऊन टाकला त्यायले अपन.” म्हणजे समोरचा बाहेर असेल तर हम, आत असेल तर अपन. त्या गावाने तो शब्द असा काही उचलला की दौलतला लोक ‘अपन सर’ म्हणू लागले. जेवायला बसले की पाद्री म्हणे, अपन खाएँगे. पावसात छप्पर उडाले तेव्हा म्हातारा गावप्रमुख म्हणाला, अपन बाँधेंगे, आणि सगळे गाव बांबू घेऊन आले.

त्यांच्या परीक्षेचे पेपर वर्ध्याला येत आणि मी ते तपासत असे. तपासलेले पेपर शेरे मारून परत पाठवायची आमची पद्धत होती. चूक कळावी म्हणून. ‘हमारा देश’ या निबंधात तेमजेनने लिहिले होते, हम पहाड़ पर रहते हैं, आप मैदान में रहते हैं, अपन का देश भारत है. मला ते आजही डोळ्यांपुढे दिसते, कारण अक्षर फार सुंदर होते. मी ‘अपन का’वर लाल रेघ मारली, वर ‘हमारा’ लिहिले, आणि समासात शेरा दिला, ‘ग्राम्य प्रयोग. शुद्ध लिहावे.’ त्या गावच्या सगळ्याच पेपरांत तो शब्द होता. सगळ्यांत मी तो खोडला. पेपर परत गेले तेव्हा तेमजेनने आपला पेपर दौलतसमोर धरला आणि म्हणाला, “सर, इसमें अब अपन नहीं है. सिर्फ हम है, और आप है.” दौलतने त्याला सांगितले, आमचे गुरुजी कडक आहेत, मनाचे वाईट नाहीत. तेमजेन म्हणाला, मनाचे वाईट तर इथले साहेबही नाहीत.

त्यानंतरच्या वर्षी शाळेतली मोठी मुले कमी होत गेली. एक दिवस तेमजेनही आला नाही. तो कुठे गेला हे गावात सगळ्यांना माहीत होते आणि कुणी बोलत नव्हते. मग सैन्याची तुकडी आली. धान्याचे कोठार जळाले. ज्या म्हाताऱ्याने तुकडीला वाट दाखवली त्याला गावच्याच पोरांनी... दौलत इथे नेहमी थांबत असे. मी एकदाच ‘मग?’ म्हणालो होतो. तो म्हणाला, “मग काय. छप्पर बांधाले आलता तोच म्हातारा.”

तो परत आला ते दिवस आमच्याकडेही गडबडीचे होते. भाषावार राज्यांचा वाद पेटला होता. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. स्टेशनजवळच्या हॉटेलात सकाळ-संध्याकाळ त्याच गप्पा. मीही मोर्चात चाललो होतो, हातात फलक घेऊन. दौलत चहा बशीत ओतत म्हणाला, “तुमी भाषेसाठी मोर्चा काढला तं राज्य बदललं. बरंच झालं. पण त्यायनं म्हटलं आमचं आमाले पाहू द्या, तं पलटन काऊन गेली?” मी म्हणालो, आपण देशात राहून मागत होतो, ते देशाबाहेर जायचे म्हणतात, यात फरक आहे. “हाय ना फरक,” तो म्हणाला. “पण आधी ते बी बोलतच होते, गुरुजी. अर्ज करत होते. कोणी बघू म्हणे, कोणी साहेब दौऱ्यावर हाय म्हणे.”

मला वाटले, वर्धेकरांनी हे ऐकावे. त्याचे व्याख्यान मीच ठरवले आणि नावही मीच दिले, ‘सीमेवरचे आपले बांधव’. अध्यक्षांच्या घरचा दिवाणखाना भरला होता. शिक्षक, कचेरीतले कारकून, कॉलेजची मुले. त्या काळी ब्रह्मदेश, मलाया, हिंदचीन अशा ठिकाणच्या लढायांच्या बातम्या रोज छापून येत. लोकांना कोडे पडत असे की गोरे लोक निघाले, निघत आहेत, मग आता हे आपापसांत का मरतात? परकीयांची फूस, असे उत्तर आमच्याकडे तयार असे. दौलत उभा राहिला आणि आपल्या वऱ्हाडीतच बोलू लागला. तिकडे जायला परवाना का लागतो, तर इंग्रजाने डोंगराच्या पायथ्याशी एक रेघ आखली होती. इंग्रज गेला, रेघ राहिली. साहेबाचा बंगला तोच, साहेब नवा. “फूस असन बी,” तो म्हणाला. “पण ओल्या लाकडाले कोणी कितीबी फुका, पेटत नाई. इंग्रजाची पलटन आली का गावानं ओझं वाहायचं. आपली पलटन आली, तवा बी गावानंच ओझं वाह्यलं. ओझं वाहणाऱ्याले वर झेंडा कोणता ते दिसत नाई, मान खालीच असते त्याची.” मग तो घरच्या जंगलाविषयी बोलला. त्याचा बाप मोळी आणताना धरला गेला तो इंग्रजी कायद्याने. आता तोच कायदा, तोच गार्ड, फक्त टोपी पांढरी. एक कॉलेजचा मुलगा मागून ओरडला, “मग तुम्ही गोंड लोक बी उद्या बंदुका घेसान का?” दौलत म्हणाला, “बंदुकीचं लायसन मामलेदार देते रे बाबू. अन् मामलेदार जेवाले गेला हाय.” दिवाणखाना हसून फुटला.

अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते उठून म्हणाले, “दौलतराव, मी बेचाळीस साली तुरुंगात गेलो तो या देशाचे तुकडे पाहायला नाही.” दौलत अदबीने म्हणाला, “नाई साहेब. पण तुमच्या पाठीवर लाठी पडली तवा तुमाले जसं वाटलं, तसंच त्यायले वाटून राह्यलं. येवढंच सांगतो मी. बंदूक बरी म्हणत नाई. म्याही मुडदे पाह्यले, दोन्हीकडचे.” मग तो जरा हसत म्हणाला, “अन् थोडं पाप आपल्या मंडळाचं बी हाय. त्यायनं अपन लिहिलं होतं, आमच्या गुरुजींनी लाल शाईनं खोडलं. ते पाहा, तिथं बसून हायेत.” सगळा दिवाणखाना वळून माझ्याकडे पाहून हसला. त्यात विष नव्हते. वातावरण हलके करायची त्याची नेहमीची रीत ती. नंतर त्याने मला एकट्याला सांगितलेही, “मनाले लावून घेऊ नका. एका रेघेनं कोणी बंदूक उचलत नाई, गुरुजी. लय रेघा लागतात.”

मी मनाला लावून घेतले. कित्येक दिवस हॉटेलात माझी थट्टा होत राहिली. “काय गुरुजी, लढाई तुमच्यामुळे पेटली म्हणे!” “अहो, शाई जपून वापरा, तिकडे नागा लोक ऐकतात.” माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने, जो आता कचेरीत कारकून आहे, मला रस्त्यात ‘अपन कैसे हैं?’ असे विचारले. तीस वर्षे मी भाषा शिकवतो. भाषेत मी चुकत नाही, एवढीच माझी वर्ध्यात इज्जत. ती त्या दिवशी गेली असे मला वाटले. वरून मी म्हणत राहिलो की दौलतचे विचार बदलले आहेत, अशा वेळी देशापुढे मंडळाची जबाबदारी आहे, घाई करू नये. अध्यक्षांनीही व्याख्यानानंतर एकदा ‘जरा थांबू या’ म्हटले होते. एकदाच. नंतर ते विसरूनही गेले. मी तो शब्द धरून ठेवला, कारण तो माझ्या सोयीचा होता.

दौलत दर रविवारी येई. आत बोलावले तरी ओटीवरच बसे. सुरुवातीला हसून विचारायचा, “झालं का गुरुजी आमचं?” मी म्हणायचो, बैठक होऊ दे. बैठक होई, विषय राही. निघताना त्याने त्या गावाला शब्द दिला होता की बापाचे दिवस करून पेरणीच्या आधी येतो. शाळेची किल्ली पाद्र्याकडे ठेवून आला होता. पहिली पेरणी गेली. “ते लोक म्हणत असतीन, हा बी तसलाच निघाला,” तो म्हणाला. “बाहेरून येणारा जो येते तो म्हणते, परत येतो. साहेब म्हणते, पाद्री म्हणते, पलटनवाला म्हणते. मी अपन म्हणालो होतो, गुरुजी. मले जा लागते.” मी म्हणालो, चौकशी चालू आहे. चौकशी कुठेच चालू नव्हती. एक शिपाई कधीतरी त्याचे नाव विचारून गेला होता, त्याला मी चौकशी म्हणत होतो. दुसरी पेरणीही गेली. बातम्या येत होत्या की तिकडे गावे उठवून दुसरीकडे एकत्र बसवली जात आहेत. दौलत वर्तमानपत्र पालथे घालून पाही, गावाचे नाव कुठे येत नसे. हळूहळू त्याने विचारणे सोडले. यायचा, पाणी प्यायचा, मंडळाच्या वर्गाची चार कामे करून द्यायचा आणि जायचा. मी त्याला कधी नाही म्हटले नाही. म्हटले असते तर तो दुसरीकडे कुठे तरी गेला असता, भांडला असता, निदान माझ्यावर रागावला असता. मी ‘बघू’ म्हणत राहिलो, आणि वरून त्याला चहा पाजत राहिलो.

आता वाटते, जगात जिथे जिथे माणसे राज्य बदलल्यावरही बंदुका घेऊन रानात बसली आहेत, तिथे तिथे कुठेतरी एक ओटी असणार, तिच्यावर कुणीतरी अनेक रविवार येऊन बसलेले असणार, आणि आत माझ्यासारखा एखादा सज्जन गृहस्थ असणार ज्याची इज्जत दुखावलेली आहे. सगळे कारण एवढेच, असे मी म्हणणार नाही. रेघा पुष्कळ असतात, दौलतच म्हणाला. पण माझी एक मला माहीत आहे.

पावसाळ्यानंतर त्याला कावीळ झाली. घरच्यांनी झाडपाला केला, मग दवाखान्यात आणले. मी एकदा भेटायला गेलो. डोळे हळदीसारखे झाले होते. मी मोसंबी नेली होती. म्हणालो, दौलत, या बैठकीत तुझा विषय घेतो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “घेजो गुरुजी. बरं होईन.” मला त्या स्वरात उपहास शोधावासा वाटला. नव्हता. त्याला खरोखरच आनंद झाला होता.

शोकसभा आम्ही रीतसर घेतली. ठराव मीच लिहिला होता, ‘दौलतराव उईके आपल्यातून निघून गेले’ असा. नामदेव गावाहून आला होता, मागच्या बाकावर बसला होता. ठराव वाचून झाल्यावर, कुणाला बोलायचे आहे का असे अध्यक्षांनी विचारले तेव्हा तो उठला. बोलण्याची सवय नसलेला माणूस, हातात टोपी. “आपल्यातून गेला म्हणता,” तो म्हणाला, “पण तुमच्यात होता कवा तो? तुमच्यातला असता तं येक चिठ्ठी नसती का भेटली?” आणि बसला. पुढचा वक्ता उभा राहून दौलतच्या राष्ट्रसेवेवर बोलला.

तेरवीला मी त्याच्या गावी गेलो. आर्वीपर्यंत बस, पुढे चालत. घर लहान, सारवलेले. जेवणे झाल्यावर दौलतची बायको सोनाबाई मला म्हणाली, “गुरुजी, तिथल्या लोकायले कोणी सांगतलं का?” मला आधी कळले नाही कुठल्या. “डोंगरातल्या. ते वाट पाहून राह्यले असतीन. हे गेले हे तं कळाले पाह्यजे त्यायले, नाई तं म्हणतीन खोटं बोलले.” मी म्हणालो, त्या गावाचा आता पत्ता नाही, गाव उठवले असेल. ती म्हणाली, “पोस्टात टाका. पोस्टवाल्याले माहीत असन. नाई तं चर्चवाल्यायले. तुमी लिहा, तुमची हिंदी चांगली हाय म्हणत होते हे.”

नामदेवने कागद आणला. सोनाबाईने मधल्या खांबाजवळ घोंगडी टाकली. दौलत तिथेच बसून लिहीत असे म्हणाली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण हिंदी सगळी समजते, बाजारामुळे. तो तिकडे पत्रे लिहायचा, उत्तर एकाचेही आले नाही. पाकिटात घालण्याआधी पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवी आणि तिने मान हलवली तरच पाठवी. तेव्हा मीही वाचून दाखवायचे होते. ती समोर बसली, पदर डोक्यावर, डोळे जमिनीकडे. नामदेव दाराला टेकून उभा होता.

मी लिहिले आणि वाचले. “दौलत सर अब इस दुनिया में नहीं हैं. वे आपके पास लौटना चाहते थे. हमने उन्हें समय पर आने नहीं दिया.”

“थांबा,” सोनाबाई म्हणाली. “हमने म्हंजे कोणी?”

“मंडळाने,” मी म्हणालो.

“त्यात मी हाय का?”

“नाही.”

“हा नामदेव हाय?”

“छे. नाही.”

“मग कोण कोण हाय?”

मी मनात एकेकाला उभे केले. अध्यक्ष एकदा थांबू म्हणाले आणि विसरले. बाकीच्यांना तर विषयच ठाऊक नव्हता, कारण तो त्यांच्यापुढे मी येऊच दिला नव्हता. ती वाट पाहत होती. आवाजात राग नव्हता, पत्र बरोबर जावे एवढीच काळजी होती.

“मीच,” मी म्हणालो.

सोनाबाईने वर पाहिले नाही. ती म्हणाली, “मग तसं लिहा ना.”

मी ‘हमने’ खोडले आणि वर ‘मैंने’ लिहिले.

“आता वाचा,” ती म्हणाली.

मी वाचले. तिने मान हलवली.